आठव्या दिवशी शेळ्या उलटल्या, मेंढ्या गप्पच: नर विकायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकत असेन तर सांगा. ३० शेळ्या, २० मेंढ्या, चार महिने कोणीच माजावर नाही, तपासून घेतल्यात, पोटात काही नाही. जुना बोकड आणि जुना मेंढा कायम कळपातच असायचे. ते बाजूला काढले आणि बाहेरून एक नवा बोकड, एक नवा मेंढा आणून सोडला. तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त शेळ्या एकदम माजावर, बोकड सगळ्यांना लागला, तुम्ही खूष. आठव्या दिवशी त्याच शेळ्या उलटल्या, म्हणजे पुन्हा माजावर आल्या, परत बोकड लागला. आणि मेंढ्यांकडे तो नवा मेंढा पहिले दोन दिवस हुंगत फिरला आणि आता कोपऱ्यात उभा राहून रवंथ करतोय. आज १३वा दिवस. तुमचं म्हणणं, दोन्ही नर खराब निघाले, विकून दुसरे आणू का, की सरळ माद्यांना कोणीतरी सुचवलेलं हार्मोनचं इंजेक्शन देऊन मोकळा होऊ.

विकू नका, आणि इंजेक्शनला तर आत्ता हातच लावू नका, ते का ते खाली सांगतो. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला हसू आलं कारण तारखा इतक्या बरोबर जुळतायत की शिकवायला वापराव्यात. तुमचे दोन्ही नर बहुतेक चोख काम करतायत, फक्त त्यांचं काम काय आहे याबद्दल आपली समजूत अपुरी असते. आपण नराकडे बीज देणारा म्हणून बघतो. बीज तो देतोच, पण त्याच्या आधी मादीच्या मेंदूला जागं करायचं कामही तोच करतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळात एका कळपात मेंढ्या लागत नाहीत म्हणून मीच १४व्या दिवशी छातीठोकपणे सांगितलं की मेंढा बदला. त्यांनी बदलला. चार दिवसांनी मेंढ्या धडाधड माजावर, सगळं श्रेय दुसऱ्या मेंढ्याला, मालक वर्षभर त्याचं कौतुक सांगत होता आणि मीही मान डोलवत होतो. काही वर्षांनी हे सगळं नीट वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कळप चालू पहिल्याने केला होता, दुसरा फक्त ऐनवेळी हजर होता. पहिला तोवर कापला गेला होता.

आता आत काय होतं ते बघू. माज बंद असतो तेव्हा बीजांडकोष झोपलेला असतो असं वाटतं, पण तसं नसतं. त्यात फॉलिकल, म्हणजे ज्यात मादीचं बीज पिकतं त्या बारीक पिशव्या, वाढत असतात आणि विरत असतात, पिकायला जो शेवटचा रेटा लागतो तेवढाच मिळत नाही. तो रेटा एलएच या हार्मोनचा. एलएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि ते सलग पाझरत नाही, ठोक्याठोक्याने सुटतं. ठोका द्यायचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच नावाच्या हार्मोनमार्फत येतो आणि जीएनआरएचला हलवणाऱ्या पेशी किसपेप्टिन हा निरोप्या पदार्थ बनवणाऱ्या. शेळ्यामेंढ्या मुळात दिवस लहान होत जातात तेव्हा माजावर येणारी जनावरं, रात्री किती मोठ्या झाल्यात हे मेलाटोनिन या अंधारात सुटणाऱ्या हार्मोनवरून त्यांच्या मेंदूला कळतं. दिवस मोठे असतात त्या काळात बीजांडकोषातून येणारं इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन जरासं असलं तरी मेंदूला गप्प करायला पुरतं, मग एलएचचा ठोका काही तासांतून एखादा, आणि तेवढ्यावर फॉलिकल पिकत नाही.

अशा वेळी अनोळखी, जोरातला नर समोर आला की काही मिनिटांत ठोके वाढतात. दिवसांत नाही, मिनिटांत. तासाला एक किंवा त्याहून जास्त. फॉलिकल पिकायला लागतं, इस्ट्रोजेन चढतं, आणि एका पातळीच्या वर गेलं की तेच इस्ट्रोजेन पलटी मारतं, मेंदूला दाबायच्या ऐवजी एलएचची मोठी लाट उठवतं आणि मादीचं बीज सुटतं. नर सोडल्यापासून साधारण दोन ते तीन दिवसांत. तुमचा तिसरा दिवस हाच.

हे काही नवीन शोध नाहीत बरं का. मेंढा आणून सोडल्यावर मेंढ्यांचा माज ठराविक दिवसांनी गोळा होतो हे अंडरवुड नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४४ साली नोंदवलंय. मेंढपाळांना तर त्याच्याही आधीपासून माहीत असणार, फक्त कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

मग आठव्या दिवशी उलटल्या का? कारण पहिलं बीज सुटल्यावर त्या जागी जो पीतपिंड तयार होतो तो बऱ्याच माद्यांत कच्चा निघतो. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि ते गाभणपण टिकवतं. चार महिने बंद असलेल्या मादीच्या शरीराला इतक्यात प्रोजेस्टेरॉनचा स्पर्शच झालेला नसतो, त्यामुळे गर्भाशय वेळेआधीच प्रोस्टाग्लॅंडिन सोडतं आणि तो पीतपिंड पाच-सहा दिवसांत मरतो. नवीन गर्भ तेवढ्यात स्वतःची ओळखही देऊ शकत नाही, त्यामुळे बोकड कितीही ताकदीचा असो, त्या पहिल्या लागण्यातून बहुतेक शेळ्या गाभण राहतच नाहीत. मग लगेच दुसरं बीज सुटतं, परत माज येतो, आणि या वेळी तयार होणारा पीतपिंड पक्का असतो. म्हणजे तुमच्या शेळ्यांचं खरं लागणं आठव्या दिवसाचं. तिसऱ्या दिवसाला रंगीत तालीम समजा.

मेंढ्यांचं गणित जरा वेगळं आणि माणसाला जास्त फसवणारं. त्यांच्यातही बीज दोन-तीन दिवसांत सुटतंच, पण माज दिसत नाही, मुका माज. मेंढीच्या मेंदूला माजाची वागणूक दाखवायला इस्ट्रोजेनच्या आधी प्रोजेस्टेरॉनची एक फेरी झालेली लागते, शेळीला ही अट इतकी कडक नसते. त्यामुळे मेंढा पहिले दोन दिवस हुंगतो, मेंढी उभी राहत नाही, तो कंटाळतो, आणि मालक म्हणतो मेंढा मेलेला आहे. आत मात्र घड्याळ चालू झालेलं असतं. साधारण अर्ध्या मेंढ्यांचा पहिला पीतपिंड पक्का निघतो, त्या १७ ते २० व्या दिवसाच्या आसपास माजावर येतात. उरलेल्यांचा कच्चा निघतो, त्यांचं सहाएक दिवसांनी परत मुकं बीज सुटतं आणि त्यानंतर पूर्ण चक्र, म्हणजे त्या २३ ते २६ व्या दिवसाला. माजाचे असे दोन ढीग पडतात. तुम्ही १३व्या दिवशी मेंढा विकायला निघालात म्हणजे स्टेशनवर गाडी यायच्या आधीच घरी परत चाललात.

आता नराकडून नक्की काय पोचतं? सगळ्यात आधी वास. टेस्टोस्टेरॉन असलेल्या नराच्या केसांत आणि लोकरीत तो तयार होतो, खच्ची केलेल्यात नाही, म्हणून खच्ची बोकड कळपात वर्षभर असला तरी या कामाला शून्य, आणि नसबंदी केलेला नर मात्र पूर्ण चालतो कारण त्याचे अंड जागेवर असतात. जपानी संशोधकांनी २०१४ साली बोकडाच्या डोक्यावरच्या केसांतून ४-इथाइलऑक्टॅनाल नावाचा पदार्थ वेगळा काढून दाखवला की तो हुंगल्यावर शेळीच्या मेंदूतला ठोके देणारा भाग चेतवला जातो. हाच पदार्थ हवा लागून ज्या ॲसिडमध्ये बदलतो त्याला आपण बोकडाचा दर्प म्हणतो, म्हणजे ज्या वासाने आपण नाक धरतो तो मूळ निरोप नव्हे, शिळा झालेला निरोप आहे. आणखी एक गंमत, बोकडाच्या केसांचा वास मेंढ्यांवरही चालतो हे दिसून आलंय. तुमचा बोकड मेंढ्यांच्या शेजारीच बांधलेला असेल तर त्याचाही थोडाफार हात लागला असू शकतो.

पण फक्त वास म्हणून चालत नाही. प्रयोगात मेंढ्यांची वास घेण्याची क्षमता घालवली तरी मेंढा समोर आल्यावर त्यांचं एलएच वाढलं, म्हणजे डोळे, कान, अंगाला अंग लागणं हे सगळं मिळून पोचतं. आणि नर स्वतः किती जोरात आहे याला फार किंमत आहे. जोरातला बोकड लांबून ओळखू येतो, स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, जीभ बाहेर काढून फडफडवतो, शेळीच्या कुशीवर पुढचा पाय आपटत बबबब करतो, तिचं मूत हुंगून वरचा ओठ दुमडून आकाशाकडे बघत उभा राहतो. जो बोकड यातलं काही न करता खाण्याच्या दावणीवर पडीक असतो त्याचा वास असला तरी उपयोग अर्धाच. मेक्सिकोत डेल्गाडिलो हे संशोधक आणि त्यांच्या गटाने बोकडांना अडीच महिने रोज १६ तास उजेडात ठेवून बिगरहंगामात जोरात आणलं, अशा बोकडांनी बंद पडलेल्या शेळ्या मोठ्या संख्येने माजावर आणल्या, आणि नुसत्या नैसर्गिक उजेडातले सुस्त बोकड जवळपास काहीच करू शकले नाहीत. नराचाही हंगाम असतो हे आपण विसरतो.

इथे तुमच्या जुन्या नरांचा विषय येतो. कायम कळपात असलेल्या नराची माद्यांना सवय होते, त्याचा निरोप मेंदू ऐकेनासा होतो, असं आम्ही सांगायचो आणि म्हणून महिनाभर नर इतका लांब ठेवा की दिसू नये, ऐकू येऊ नये, वास येऊ नये. मीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं. आता माझं मत थोडं बदललंय. मेंढ्यांत असं दिसलंय की दूर ठेवण्यापेक्षा नर अनोळखी असणं महत्त्वाचं, जुना कालपर्यंत कळपात असला तरी नवा आल्यावर त्या जाग्या होतात. आणि शेळ्यांत असं दिसलंय की बोकड सतत जोरात राहिला तर त्याच्या सोबतीत शेळ्या बिगरहंगामातही बंद पडत नाहीत. म्हणजे दोष सोबतीचा कमी आणि सोबतीला असलेला नर सुस्त पडण्याचा जास्त. तुम्ही नकळत नवे नर आणलेत तिथेच निम्मं काम झालं.

हे उलट्या दिशेनेही चालतं. माजावरची मादी समोर आली की नराचं एलएच आणि टेस्टोस्टेरॉन चढतं, तो आणखी पेटतो, आणखी वास, आणखी गोंधळ, त्याने उरलेल्या माद्या हलतात. माजावरच्या माद्या दुसऱ्या बंद माद्यांवरही परिणाम करतात. त्यामुळे सुरुवात सुस्त वाटत असेल तर एखाद-दोन माजावरच्या माद्या कळपात असणं फार उपयोगी पडतं. तरण्या पाटींनाही, म्हणजे अजून न व्यायलेल्या शेळ्यांनाही, नराच्या सोबतीने वयात लवकर येता येतं, फक्त वजन भरलं नसेल तर त्यांना बोकडापासून वेगळं ठेवा, नाहीतर लहानपणीच गाभण राहून वाढ खुंटते.

हे सगळं प्रत्येक कळपात सारखंच होईल असं नाही. जात कोणती, तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब, म्हणजे ऋतूचा पगडा किती खोल, यावर बरंच ठरतं. विषुववृत्ताजवळच्या जाती वर्षभर थोड्याफार चालू असतात, तिथे हा प्रकार कधी ठळक दिसतो कधी नाही, कारण आधीच चालू असलेल्या मादीवर नराचा असा परिणाम फारसा होत नाही, ती तिच्या तारखेलाच येते. तुमचा पूर्ण कळप चार महिने बंद होता म्हणून इतकं स्वच्छ चित्र दिसलं. अंगावर मांस आहे का हेही बघा. पाठीच्या मणक्यावर हात फिरवा, टोकं करकरीत लागत असतील, म्हणजे पाचपैकी अडीचच्या खाली, तर मेंदू ऐकतो पण शरीर साथ देत नाही. पिल्लं अंगावर पीत असलेल्या, नुकत्या व्यायलेल्या आणि पहिलटकर माद्या कमी प्रतिसाद देतात. आणि दगदग. नवीन ठिकाणी आणलेली, गाडीतून हेलपाटलेली, एकटी बांधलेली मेंढी घाबरून असते, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढलं की एलएचचे ठोके मंदावतात. कळपातून एकटं काढलेल्या मेंढीचा माज बघत बसू नका, निदान एक सोबतीण द्या.

आता तुमच्या तारखा. मेंढ्याच्या छातीला आज संध्याकाळी तेलात कालवलेला रंग लावा, दर दोन-तीन दिवसांनी परत लावा, सकाळी वाडा उघडायच्या आधी मेंढ्यांच्या पुठ्ठ्यावर रंग बघायचा आणि नंबर लिहायचा. २१व्या दिवशी रंग बदला, म्हणजे पहिला ढीग कोणता आणि दुसरा कोणता ते आपोआप वेगळं दिसेल. जुना मेंढा अजून विकला नसेल तर एकाच वाड्यात दोघे सोडू नका, दांडगा असतो तो दुसऱ्याला चढूच देत नाही आणि भांडणात दोघांचीही संधी हुकते. रात्री दहा-दहाच्या दोन गटांत एकेक ठेवा.

शेळ्यांसाठी आठव्या दिवसात २१ मिळवा, म्हणजे २९. २७ ते ३१ या दिवसांत डोळ्यात तेल घालून बघा. तेव्हा मूठभर उलटल्या तर काही नाही, ३० शेळ्या तीन दिवसांत एकाच बोकडावर आल्या तर तो सगळ्यांना नीट पुरतच नाही, त्यात त्याच्या आवडत्या दोन-तीन असतात त्यांच्यावरच जीव काढतो. पुढच्या वेळी माजावरच्या शेळ्या बांधून एकेक दाखवा, आज एकदा आणि बारा तासांनी परत. पण २९च्या आसपास बहुतेक सगळ्याच उलटल्या तर मात्र बोकडाचं वीर्य तपासून घ्या, तेव्हा तुमची शंका खरी धरता येईल. तपासताना मागच्या दोन महिन्यांत त्याला ताप आला होता का, उन्हाने तो हैराण झाला होता का हे विचारात घ्या, कारण शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला जवळजवळ दोन महिने लागतात, आजचं वीर्य म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच्या तब्येतीचा दाखला. मेंढ्यांचा हिशोब १७ दिवसांचा, म्हणजे मेंढ्यावर शंका घ्यायची ती ३४ ते ४३ या दिवसांत रंग परत परत उमटत राहिला तरच. आणि २८व्या दिवसापर्यंत एकाही मेंढीवर रंग नाही, तर मेंढ्यांपर्यंत निरोप पोचलेलाच नाही, मग खुराक, वय, दूध हे बघायचं.

इंजेक्शनचं. तुम्हाला ज्याचं नाव सांगितलंय ते प्रोस्टाग्लॅंडिन आहे. ते पीतपिंड मारून माज आणतं. कळप बंद होता तेव्हा मारायला पीतपिंडच नव्हता, दिलं असतं तर पैसे वाया. आज पीतपिंड आहेत पण त्यातल्या बऱ्याच शेळ्यांच्या पोटात आठव्या दिवसाचा गर्भ असणार, आणि शेळीचं गाभणपण शेवटपर्यंत पीतपिंडावरच टिकतं, म्हणजे आज टोचाल तर स्वतःच्या हाताने सगळं रिकामं कराल. शिवाय हे औषध कातडीतून शोषलं जातं, गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने ते हाताळायचंच नाही, हे विकणारे सांगत नाहीत.

पुढच्या वर्षी ही रंगीत तालीम टाळायची असेल तर नर सोडताना प्रोजेस्टेरॉनचा एक डोस देता येतो, त्याने तो कच्चा पीतपिंड टळतो आणि शेळ्यांत पहिलाच पक्का माज मिळतो, डोस आणि वेळ तुमच्या डॉक्टरांना बसून ठरवू द्या. मेंढ्यांत मला बिनऔषधाची युक्ती जास्त आवडते. नसबंदी केलेला मेंढा दोन आठवडे आधी सोडायचा, नसबंदीनंतर निदान दीड महिना गेलेला असावा नाहीतर तोच कोकरं देऊन जातो, मग १५व्या दिवशी त्याला काढून खरा मेंढा ताजातवाना सोडायचा. माज १७ ते २६ मध्ये गोळा, कोकरंही दीडशे दिवसांनी तशीच गोळा.

सध्या रंग लावा आणि थांबा. १७ ते २६ मध्ये रोज किती मेंढ्यांवर रंग उमटला ते आणि २७ ते ३१ मध्ये किती शेळ्या उलटल्या ते इथेच खाली टाका, आकडे बघून पुढचं बोलू.